‘आत्ता सोडायचीय का?’ : एका प्रश्नावलीची उलटतपासणी

मागच्या भागात आपण दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि त्यांच्या सिगरेटी यावर तासभर बोललो. तो भाग ऐकला नसेल तरी चालेल, कामापुरतं सगळं इथे येईलच. त्यात मी संशोधक म्हणून बोलले : नमुना केवढा, प्रश्न कसे, टक्के किती. एक गोष्ट बोलायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही, मी टाळली. रेकॉर्डिंग संपल्यावर दोन दिवस ती डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकते.

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना अशाच एका सर्वेक्षणात मी खोटं उत्तर दिलं होतं.

महाराष्ट्रातलं एक खाजगी कॉलेज. नाव महत्त्वाचं नाही; तुमच्यापैकी जे तिकडे शिकलेत त्यांना ते आपलंच वाटेल. दुपारचं लेक्चर संपलं आणि पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीला पीजी करणारे एक सर झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. ‘नाव लिहायचं नाही, फक्त वय, लिंग आणि वर्ष. दहा मिनिटांत द्या.’ आमचे बाक असे की लिहिताना शेजारणीचं कोपर लागायचं. गेल्या ३० दिवसांत किती दिवस सिगरेट ओढली, असा प्रश्न आला. मी ‘एकही दिवस नाही’वर खूण केली. त्याच सकाळी होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, मी एक ओढून आले होते. शेजारच्या मैत्रिणीने माझी खूण बघितली, माझ्याकडे बघितलं आणि तिनेही तिथेच खूण केली. आम्ही दोघी एकाच काडीवर पेटवायचो.

ते सर्वेक्षण कुठेतरी छापून आलं असेल. मुलींमध्ये धूम्रपानाचं प्रमाण नगण्य, असं त्यात लिहिलं असेल. त्यातल्या निदान दोन ‘नाही’ खोट्या आहेत हे मला माहीत आहे.

प्रश्न कुठून येतात

हे प्रश्न त्या सरांच्या मनातले नव्हते. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचं सीडीसी आणि कॅनेडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन यांनी ‘ग्लोबल हेल्थ प्रोफेशन्स स्टुडंट सर्व्हे’ सुरू केला. दंतवैद्यक, वैद्यक, नर्सिंग आणि फार्मसी या चार शाखांचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, तीच प्रश्नावली, देशोदेशी. भारतातले दंतविद्यार्थीही त्यात होते. २००५ ते २००७ मधल्या ८० ठिकाणांचे निकाल पुढे एकत्र छापून आले. त्यांपैकी ४७ ठिकाणी २० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी सिगरेट ओढत होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की आम्ही समाजापुढचे रोल मॉडेल आहोत आणि तंबाखू सोडवण्याचं प्रशिक्षण आम्हाला मिळायला हवं. तसं रीतसर प्रशिक्षण मिळालेल्यांचं प्रमाण मात्र ७३ ठिकाणी ४० टक्क्यांच्याही खाली होतं.

या सर्वेक्षणाचे उपकार मान्य करूनच पुढे जायला हवं. हा शेवटचा आकडा विद्यार्थ्यांना नाही, कॉलेजांना जाब विचारतो. तो पुढे आला नसता तर अभ्यासक्रमात काय नाही हे कोणी मोजलंच नसतं.

माझी तक्रार आहे ती त्यानंतर जे पीक आलं त्याबद्दल. एक किंवा दोन कॉलेजं, हाताशी असलेले दोन-तीनशे विद्यार्थी, तीच प्रश्नावली थोडी कापून-शिवून, काय-स्क्वेअर चाचणी, आणि शेवटी ठरलेला परिच्छेद : भावी दंतवैद्यांमधलं हे प्रमाण चिंताजनक आहे, बहुतेकांना सोडायची इच्छा आहे, जनजागृती वाढवावी, अभ्यासक्रमात समावेश करावा. असे पेपर मी पोटापाण्यासाठी वाचते. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवला तर बऱ्याचदा पत्ताही लागणार नाही.

आणि हे तुम्हाला का सांगतेय? कारण इथे इंग्लंडमध्ये किंवा तिकडे अमेरिकेत बीडीएस करून एमपीएचला आलेले तुमच्यातले कितीतरी जण डिझर्टेशनसाठी हेच करतात. गूगल फॉर्म बनवायचा आणि जुन्या कॉलेजच्या ज्युनिअर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा : ‘प्लीज भरा, दोन मिनिटं लागतील.’ मलाही असे फॉर्म तपासायला येतात. म्हणून ही उलटतपासणी.

विचारतोय कोण?

पहिला आक्षेप साधा आहे. आम्हाला फॉर्म देणारे सर पुढच्याच महिन्यात आमच्या पोस्टिंगला होते. केसपेपरवर सही त्यांची, कोटा पूर्ण झाला की नाही ते सांगणारे तेच. नाव लिहू नका म्हटलं तरी वर्गात मुलगे मोजके, त्यात वय विचारलेलं. एखादा वर्ष गेलेला मुलगा असेल तर त्याचा कागद ओळखायला कितीसा वेळ लागणार? मुलींना ओळखले जाण्यापेक्षाही वेगळी भीती होती. ‘मुलगी असून ओढते’ हे आपल्याकडे सवयीचं नाही, चारित्र्याचं वर्णन आहे. टपरीवर मुलगे चहा-सुट्टा घेत उभे असायचे, लेक्चरर शेजारून जायचे, कोणी काही म्हणत नसे. आम्ही टाकीमागे.

त्यामुळे मुलग्यांमध्ये इतकं आणि मुलींमध्ये इतकं, असं शेजारी शेजारी ठेवलेलं कोष्टक मी आता जपून वाचते. त्या फरकात सवयीचा फरक किती आणि कबुलीचा किती, हे कोष्टक सांगू शकत नाही. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं, ते लाळेत मोजता येतं. लाळेचा नमुना घेणं दंत महाविद्यालयाला काही अवघड नाही. पण खर्च येतो, परवानग्या लागतात, आणि मग सर्वेक्षण दहा मिनिटांत उरकत नाही.

‘आत्ता’ म्हणजे कधी?

मूळ प्रश्नावलीत एक प्रश्न आहे : तुम्हाला आत्ता सिगरेट सोडायची इच्छा आहे का? उत्तरं चार. कधीच ओढली नाही, सध्या ओढत नाही, हो, नाही.

ओढणाऱ्याने द्यायची उत्तरं उरली दोन. तुम्ही ओढत असाल किंवा कधी ओढली असेल तर सांगा, तुमचं खरं उत्तर यांत बसतं का? माझं असं होतं : हो, पण फायनल झाल्यावर. हो, पण इंटर्नशिप लागू दे. हो, पण एकटीने नाही, ती सोडणार असेल तर. सकाळी हो, आणि दुपारी एन्डोची फाईल दाढेत तुटल्यावर नाही. ही टाळाटाळ आहे, मान्य. पण व्यसनी माणसाची ‘इच्छा’ अशीच असते. तिला एका चौकटीत बसवून टक्का काढला की तो टक्का छान दिसतो आणि कशाचाच अंदाज देत नाही.

काही पेपर एक पायरी पुढे जातात आणि प्रोचास्का-डिक्लेमेंटेच्या टप्प्यांमध्ये विद्यार्थी वाटून टाकतात : विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी चालू आहे, कृती. ऐकायला शास्त्रशुद्ध. पण रॉबर्ट वेस्ट या ब्रिटिश संशोधकाने २००५ मध्येच ‘ॲडिक्शन’ या नियतकालिकात हे मॉडेल आता बाजूला ठेवा, असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याने एका सहकाऱ्याबरोबर ‘बीएमजे’मध्ये सिगरेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास छापला. सोडण्याच्या प्रयत्नांपैकी जवळपास निम्मे कोणतीही पूर्वतयारी न करता केलेले निघाले, आणि असे प्रयत्न सहा महिने टिकण्याची शक्यता ठरवून केलेल्या प्रयत्नांपेक्षा जास्त दिसली. वेस्टशी सगळे सहमत नाहीत. तरी ‘येत्या सहा महिन्यांत सोडणार का’ या प्रश्नावर अख्खा पेपर उभा करणाऱ्याने हे वाचलेलं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

माझ्यापुरतं सांगते. परीक्षेनंतर, वाढदिवसाला, एक जानेवारीला असे ठरवून केलेले माझे तीन प्रयत्न फसले. सुटली ती इथे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका पावसात, बसस्टॉपवर पाकीट संपलं आणि समोरच्या दुकानात जायचा कंटाळा आला म्हणून. त्याआधी तासभर कोणी मला विचारलं असतं तर मी ‘नाही’वर खूण केली असती. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत होत नाही हे मला कळतं. पण फॉर्ममध्ये त्या अनुभवाला जागा नव्हती, एवढंच म्हणायचंय.

रोल मॉडेलचं ओझं

या प्रश्नावलीत आणखी दोन प्रश्न भेटतात. आरोग्यसेवक हे रुग्णांसाठी रोल मॉडेल असतात का? आणि स्वतः ओढणारे आरोग्यसेवक रुग्णांना सोडायचा सल्ला द्यायला कचरतात का? दोन्ही प्रश्न अर्थपूर्ण आहेत. पण ओढणारी विद्यार्थिनी ते वाचते तेव्हा तिला एकच ऐकू येतं : तू ढोंगी आहेस.

तिला ते ठाऊक असतं. ओपीडीत आम्ही केस हिस्टरी घ्यायचो. तंबाखू खाता का? किती वर्षं? दिवसातून किती वेळा? कुठल्या गालात धरता? हे सगळं लिहिल्याबद्दल मार्क होते. मग ‘बंद करा हं काका’ म्हणायचं आणि पुढचा पेशंट. पुढे काय करायचं हे कोणी शिकवलंच नव्हतं. एकदा एक काका तपासणीच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, ‘बाळा, तुला काय माहीत सोडताना काय होतं ते.’ मी मास्कच्या आत लवंग चघळत होते, वास येऊ नये म्हणून. मला चांगलंच माहीत होतं. त्या खोलीत खरं तर मीच त्यांच्याशी बोलू शकले असते. पण रोल मॉडेलला ती मुभा नाही.

म्हणून मला वाटतं की ही सर्वेक्षणं विद्यार्थ्याला चुकीच्या जागी उभं करतात. ती त्याला न्यायाधीशासमोर उभं करतात. तो १९-२० वर्षांचा, घरापासून लांब, निकोटिनची सवय लागलेला एक रुग्णही आहे, ही शक्यता चर्चेत क्वचित येते. मूळ प्रश्नावलीत ‘सोडण्यासाठी तुम्हाला कधी मदत किंवा सल्ला मिळाला का’ असा प्रश्न आहे, हे विसरू नका. मी वाचलेल्या कॉलेजपातळीवरच्या बऱ्याच पेपरांत नेमका तोच गाळलेला असतो, किंवा कोष्टकात ठेवून त्यावर एक ओळही लिहिलेली नसते.

सिगरेट मोजली, तंबाखू राहिली

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. तंबाखू-चुना, विदर्भातला खर्रा, बायकांची मिश्री. म्हणजे आमच्या ओपीडीत येणाऱ्या माणसाचं व्यसन आणि आमच्या प्रश्नावलीतलं व्यसन यांची फारशी गाठच पडत नाही. मूळ फॉर्ममध्ये इतर तंबाखूचा प्रश्न आहे, पण भर सिगरेटवर आहे. खर्रा खाणारा विद्यार्थी ‘तुम्हाला सिगरेट सोडायची आहे का’ याला काय उत्तर देईल? ‘कधीच ओढली नाही.’ आणि तो निरोगी रकान्यात जाऊन बसेल.

मिश्रीचं तर विचारूच नका. ‘तंबाखू नाही हो बाई, नुसती मिश्री लावते’ हे वाक्य मी किती वेळा केसपेपरवर ‘सवय : नाही’ असं लिहिलं असेल, आता आठवूनही लाज वाटते.

त्याच गॅट्समध्ये आणखी एक जोडी आहे. देशभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला. धूरविरहित तंबाखूवाल्यांना मिळाला फक्त ३१.७ टक्क्यांना. आपण ज्याबद्दल प्रश्न विचारायला शिकतो, सल्लाही त्याच्याबद्दलच देतो.

इथेही फार वेगळं नाही. ब्रिटनमध्ये जीपीकडे नाव नोंदवताना फॉर्मवर ‘स्मोक करता का’ हेच विचारलं होतं. लेस्टर किंवा वेम्बलीच्या दुकानातून तंबाखूचं पान घेणाऱ्या मावशी त्यावर खुशाल ‘नाही’ लिहितात. दक्षिण आशियाई समाजातल्या धूरविरहित तंबाखूबद्दल ‘नाइस’ने २०१२ मध्ये खास मार्गदर्शक सूचना काढल्या, तरीही.

जनजागृती कोणाची?

आता तो शेवटचा परिच्छेद : जनजागृती वाढवावी. ज्यांनी ल्युकोप्लाकियाच्या स्लाइड्स रंगवल्यात, ज्यांनी सबम्युकस फायब्रोसिसच्या पेशंटचं तोंड किती बोटं उघडतं ते मोजलंय, त्यांची जागृती?

याला एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचाच अभ्यास सुरू केला, आणि निष्कर्ष बाहेर येत गेले तसे इथल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येने सिगरेट सोडली. म्हणजे माहितीने फरक पडतो. पडतोच. पण त्या डॉक्टरांना मिळालेली माहिती त्यांच्याच आयुष्याबद्दल होती. आम्हाला शिकवलं गेलं ते साठीतल्या शेतकऱ्याच्या गालाबद्दल.

त्याच अभ्यासाचे ५० वर्षांचे निकाल २००४ मध्ये आले. सिगरेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सुमारे तीन वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास पूर्ण दहा. विशी-तिशीतल्या माणसाला सांगण्यासारखा याहून चांगला आकडा मला माहीत नाही. बीडीएसच्या पाच वर्षांत तो मला कोणी सांगितला नाही.

हिरड्यांचंही तसंच. निकोटिनने हिरड्यांचा रक्तपुरवठा आवळला जातो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो. सोडल्यावर काही आठवड्यांनी ब्रश करताना रक्त दिसू शकतं. हे आम्ही पेरिओच्या व्हायवात पाठ म्हणून दाखवायचो. पण बसस्टॉपनंतर महिन्याभराने माझ्याच बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं तेव्हा पहिला विचार काय आला माहितीये? ‘सोडून बिघडलंच.’ पाठ होतं, स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

मग काय विचारायचं?

२०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उभारण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाऊल अगदी योग्य. पण तुमच्या पुढच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न टाकून बघा : तुमच्या कॉलेजच्या केंद्रात तुम्ही स्वतः पेशंट म्हणून जाल का? तिथे पोस्टिंगला तुमचाच वर्गमित्र, देखरेखीला तुमचेच सर. मी गेले नसते. उत्तर ‘नाही’ आलं तर कुठे जाल, हे विचारा. कॉलेजबाहेरचं केंद्र, फोनवरची मदत, कुणाला न कळता मिळणारी निकोटिनची च्युइंगगम, यांपैकी काय चालेल? ‘सोडायची इच्छा आहे का’पेक्षा ‘शेवटच्या वेळी सोडलीत तेव्हा कितव्या दिवशी आणि कुठे परत सुरू झाली’ हे विचारा. उत्तर टपरी असेल, नाइट स्टडी असेल, होस्टेलची खोली असेल. त्यातलं काहीतरी कॉलेजला बदलता येतं. माणसाची इच्छा कॉलेजला बदलता येत नाही.

आणि फॉर्म तुमच्या जुन्या कॉलेजच्या सरांमार्फत पाठवू नका. तुम्ही बाहेर आहात हीच तुमची जमेची बाजू आहे. तुम्ही कोणाच्या केसपेपरवर सही करणार नाही आहात. नमुना लहान आला तरी चालेल.

त्या फॉर्मच्या शेवटी ‘धन्यवाद’च्या वर एक ओळ मोकळी असते. तिथे क्विटलाइनचा नंबर द्या. भारतातला १८००-११-२३५६, फुकट आहे. तुम्ही स्वतः अमेरिकेत असाल तर १-८००-७८४-८६६९. ब्रिटनमध्ये जीपीला किंवा केमिस्टला विचारा. पॅच आणि गम एकत्र वापरणं एकट्या कशापेक्षाही जास्त उपयोगी पडतं, हे पुराव्यानिशी सिद्ध झालंय. जीपीकडच्या नर्सने मला विचारलं होतं, ‘मदत हवीय का?’ आवाजात काही नव्हतं, वजन विचारावं तसं. मी तेव्हा नको म्हटलं. पण बसस्टॉपनंतर तिसऱ्या दिवशी जीव कासावीस झाला तेव्हा कुठे जायचं ते मला माहीत होतं.

ती मैत्रीण आता एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारलं, तुझा उल्लेख केला तर चालेल का. ‘नाव नको,’ ती म्हणाली, ‘बाकी लिही.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘अजून दोन ओढते गं, क्लिनिक बंद केल्यावर. घरी कोणाला माहीत नाही.’ इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं होतं का, असं मी विचारलं. तर म्हणाली, ‘एकदा. त्या फॉर्ममध्ये.’